परतावा वाचणारा चष्मा

मित्रांनो, मी काळेवाडीच्या आबाजींचा जुना चष्मा आहे. माझी उजवी काडी तपकिरी आहे आणि डावी काळी, कारण मूळची डावी काडी आबाजींच्याच पाठीखाली सापडून मोडली आणि दुकानदाराकडे तपकिरी काडी उरली नव्हती. बिजागरीचा स्क्रू सारखा निसटतो, म्हणून तिथे शालनबाईंनी काळा दोरा गुंडाळला आहे. दिसायला मी काही देखणा नाही. पण गेल्या वर्षी माझ्या काचांसमोर जे घडलं ते आठवलं, की मला अजून धडकी भरते. ते तुम्हाला सांगून टाकतो, कारण तुमच्याही घरी एखादा चष्मा असेल आणि त्यामागे कुणाचे तरी भाबडे डोळे असतील.

माझा जन्म कासारवाडी स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात झाला. फ्रेम कुठून तरी खोक्यात भरून आली होती, तो काळ मला आठवत नाही. काचा घासून फ्रेममध्ये बसवल्या आणि मला दिसू लागलं, तोच माझा जन्म, असं मी धरतो. दुकानदाराने मला आबाजींच्या नाकावर ठेवलं आणि समोर अक्षरांचा तक्ता धरला. आबाजींनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी काखेतल्या कापडी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला, डोळ्यांजवळ धरला आणि एकच शब्द मोठ्याने वाचला, 'परतावा'. मग म्हणाले, दिसतंय, बांधून द्या.

तुम्हाला या शब्दाचा अर्थ सांगायला हवा, कारण सगळा घोळ त्यानेच केला. पुढे इमारती झाल्या तिथे पूर्वी आबाजींच्या वडिलांचं ज्वारीचं रान होतं. वसाहतीसाठी ती जमीन सरकारात गेली. घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकाला परत द्यायचा, असं ठरलं होतं. त्या हिश्श्याला इकडे परतावा म्हणतात. इतरांना परतावा म्हटलं की बँक आठवत असेल, पण काळेवाडीच्या जुन्या माणसाला एकच परतावा ठाऊक असतो. आबाजींचे वडील त्याची वाट बघत गेले. मग पिशवी आबाजींच्या काखेत आली आणि तिच्यातले कागद वाचणं हे माझं पहिलं काम झालं.

तशी मी इतर कामंही पुष्कळ केली. लग्नपत्रिका वाचल्या, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघितली, तांदळातले खडे शोधले. नात तेजस्विनी हिला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तिचं नेमणुकीचं पत्र आबाजींनी गल्लीत तीन घरी जाऊन वाचून दाखवलं. चष्मा पायगुणाचा आहे, असं त्या दिवशी ते म्हणाले. चष्म्याला पाय नसतात, पण कौतुक कुणाला नको असतं? मी ते मुकाट्याने घेतलं. कधी मला कपाळावर चढवून आबाजी घरभर मलाच शोधत फिरायचे आणि शालनबाई म्हणायच्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या काड्या कानांवर टेकलेल्या असतात, त्यामुळे मला ऐकूही सगळं येतं. ते सुखाचे दिवस होते.

पुढे घरात मोबाइल आला आणि माझे हाल सुरू झाले. दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं होतं, हे तेजस्विनीने आजोबांना शिकवलं. त्यानंतर मी बराच काळ फ्रिजवर पडून राहिलो. काचांवर तेलकट धूळ बसली. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देणंही आबाजी शिकले. तेजस्विनीने त्यांना ईमेलचा पत्ताही काढून दिला होता, आणि त्यानेच मला पुन्हा कामाला लावलं. कारण मेल म्हणजे पत्र, आणि पत्र चष्मा लावूनच वाचायचं, असा आबाजींचा नेम होता. साड्यांच्या जाहिराती, विम्याच्या जाहिराती, सगळं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. आपल्या नावावर कुणी तरी रोज पत्र धाडतं, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मेल आला. मुलगा आणि सून कामावर गेले होते, तेजस्विनी पहिल्या पाळीला चाकणला गेली होती, शालनबाई खाली अंगणात भाजी निवडत होत्या. मेलच्या माथ्यावर एक राजमुद्रेसारखं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'प्रिय करदाता, आपला परतावा मंजूर झाला आहे. रक्कम जमा करून घेण्यासाठी चोवीस तासांच्या आत खालील अर्ज भरावा.'

मित्रांनो, तो मेल लाखो लोकांना एकाच वेळी पाठवलेला होता. आयकराचे जादा भरलेले पैसे परत मिळतील, असं आमिष त्यात होतं. आबाजींनी जन्मात आयकर भरलेला नव्हता. पण घरपट्टी आणि पाणीपट्टी ते दर वर्षी वेळेवर भरत, त्यामुळे 'करदाता' म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका वाटली नाही. आणि त्यापुढचा शब्द तर त्यांच्या वडिलांच्या पिशवीतलाच होता. त्यांचे डोळे भरून आले आणि माझ्या काचांवर वाफ धरली. मला समोरचं धूसर दिसू लागलं, आणि त्यांनाही.

मी अक्षर मोठं करतो, अर्थ मोठा करत नाही. तो ज्याचा त्यानेच लावायचा असतो. आबाजींनी अर्ज उघडला. खात्याचा आणि मोबाइलचा नंबर मागितला होता, ते भरले. कार्डाचा नंबर मागितला होता, तोही कपाटातून कार्ड काढून भरला. माझ्या समोरून एकेक आकडा जात होता. परतावा जमिनीचा, तर त्याला कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न मला पडला, पण मला तोंड नाही. शेवटी पडताळणी शुल्क म्हणून चार हजार नऊशे रुपये मागितले. तेही त्यांनी भाजीवाल्याला देतात तसे देऊन टाकले.

त्या खात्यात काय होतं, हे तुम्हाला सांगतो. शालनबाईंचे गुडघे गेलेले होते. जिना उतरताना त्या एकेका पायरीवर बसत उतरायच्या आणि चढतानाही तशाच, हात टेकत, पाठमोऱ्या. पुढच्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यातून साठवलेले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवले होते. त्यातले चार हजार नऊशे गेले होते आणि बाकीच्यांचं दार सताड उघडं होतं. हे घरात फक्त मला कळत होतं, आणि भीतीने मी त्यांच्या नाकावर नीट बसूही शकत नव्हतो.

अर्ध्या तासाने फोन वाजला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्याने आबाजींना 'सर' म्हटलं. त्यांना उभ्या आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. परताव्याच्या विभागातून बोलतोय, असं तो म्हणाला. आबाजींनी लगेच विचारलं, "साडेबारा टक्क्यांचाच परतावा ना?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. माझी काळी काडी त्याच कानावर होती, म्हणून ती शांतता मी स्पष्ट ऐकली. त्या माणसाला साडेबारा टक्के म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हतं. मग तो म्हणाला, "हो सर, तोच. साडेबारा टक्क्यांचाच."

"जमिनीऐवजी रोख देनार व्हय?"

"हो सर, जमिनीऐवजी रोख."

"आन आमच्या अर्जुनरावाला न्हाई ना कळवलं? चुलतभाऊ हाय माझा. तो हरकत घेतो बघा परत्येक येळी."

"नाही कळवलं सर. आणि तुम्हीही कळवू नका. घरातसुद्धा कुणाला सांगू नका. हरकत आली की तुमची फाइल मागे पडते."

बघा मित्रांनो, आबाजींनी बीळ दाखवायचं आणि त्याने त्यात शिरून बसायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याला स्वतःचं असं काहीच माहीत नव्हतं. जमीन, टक्के, भाऊबंद, हरकत, सगळं आबाजींनीच त्याच्या हाती दिलं. आणि वर आबाजींना वाटलं, साहेबाला आपली सगळी फाइल तोंडपाठ आहे. उद्या अकराला पुन्हा फोन करतो, फोन हातात ठेवा, असं सांगून तो माणूस गेला.

त्या दिवशी आबाजी घरात वेड्यासारखे वागले. बायकोशी नीट बोलले नाहीत. तेजस्विनीने संध्याकाळी जेवताना विचारलं, आजोबा बरं नाही का, तर तिच्याकडे न बघता म्हणाले, काही नाही. आनंदाची बातमी असूनही ती घरात सांगायची बंदी होती, आणि या बंदीनेच त्यांना आतून पोखरलं असणार. कुणी चांगलं काम करून देताना ते घरच्यांपासून लपवायला सांगत नाही, एवढी साधी गोष्ट. पण परतावा पुन्हा हातचा जाईल, आणि या वेळी आपल्या चुकीने जाईल, ही भीती त्यांना इतकी बसली होती की दुसरं काही सुचत नव्हतं. ते घाबरले होते ते भलत्याच गोष्टीला, आणि मी घाबरलो होतो ते खऱ्या गोष्टीला.

बुधवारी अकराला दोन मिनिटं असताना फोन आला. आता त्याचा आवाज गोड नव्हता, घाईचा होता. रक्कम सोडायला घेतली आहे, फोन स्पीकरवर ठेवा, तुमच्या मोबाइलवर एक आकडा येईल, तो लगेच सांगा, पाच मिनिटांत नाही सांगितला तर परतावा कायमचा रद्द. महामार्गावर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई? ती पाटी खरं तर मोबाइलवरसुद्धा लावायला हवी.

मोबाइल थरथरला. बँकेचा संदेश आला. तेजस्विनीने बँकेत अर्ज देऊन आजोबांचे संदेश मराठीत करून घेतले होते, म्हणून तो मराठीत होता. मी त्यांना सगळ्या ओळी स्वच्छ दाखवल्या. पण आबाजींनी ओळी वाचल्याच नाहीत. त्यांची नजर ओळींवरून उडी मारून थेट आकड्यावर गेली. ते तोंड उघडून पहिला अंक बोलले. "चार..."

आता मी शूरपणे उडी मारली, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? भीतीने आबाजींना दरदरून घाम फुटला होता. नाक ओलं झालं, ते खाली वाकले, आणि मी घसरलो. फरशीवर आपटलो, दोऱ्यातून स्क्रू निसटला, डावी काच बाहेर पडली आणि खाटेखाली गेली. मी उताणा पडून वर बघत होतो. मी असा निरुपयोगी पहिल्यांदाच झालो होतो, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम तेवढ्यात होऊन गेलं होतं.

"सर, पुढचा आकडा," पलीकडून आवाज आला.

आबाजींना दिसेना. दोन बोटांनी अक्षर मोठं करायला गेले, तर घाईत बोट भलतीकडे लागून संदेशच नाहीसा झाला. तो माणूस ओरडू लागला. चार मिनिटं राहिलीत, साडेतीन राहिलीत. मग आबाजींनी ते केलं, जे करायला त्यांना मनाई होती. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "अगं, वर ये जरा. वाचायचं हाय."

शालनबाई निघाल्या. पण त्यांची चाल तुम्हाला माहीत आहे. एका पायरीवर बसायचं, हात टेकायचे, दुसऱ्या पायरीवर सरकायचं. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी खाली पडल्या पडल्या त्यांच्या बांगड्या ऐकत होतो आणि फोनमधला आवाजही ऐकत होतो. आबाजी एकदा जिन्याकडे बघत, एकदा फोनकडे. ज्या गुडघ्यांनी त्या बाईला दहा वर्षं रडवलं, त्याच गुडघ्यांनी त्या दिवशी वेळ काढला.

शालनबाई चौथी शिकलेल्या. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नाही. मधूनच एखादा शब्द उचलताही येत नाही. सुरुवातीपासून, बोट ठेवून, मोठ्याने, एकेक अक्षर लावतच त्यांना वाचावं लागतं. खाटेवर टेकून त्यांनी मोबाइल लांब धरला, आबाजींनी सांगितलं तिथे बोट लावून तो संदेश पुन्हा उघडला आणि वाचायला लागल्या. "आ...प...ल्या. आपल्या. खा...त्या...तून. खात्यातून. एक लाख नव्वद ह...जार रुपये..."

"आकडा वाच नुसता," आबाजी म्हणाले.

"मला मधून न्हाई येत वाचता." आणि त्यांनी बोट पुढे सरकवलं. "रुपये दे...ण्या...साठी. देण्यासाठी." त्या थांबल्या. "अवो, पैकं येनार हायती का जानार? हितं तर देन्यासाठी लिवलंय."

फोनमधला माणूस मध्येच ओरडत होता, आणि आता तो सर म्हणत नव्हता. शालनबाईंनी शेवटची ओळ लावली. "हा आ...क...डा. आकडा. कु...णा...ला...ही. कुणालाही. सां...गू. सांगू. न...का."

"परत वाच," आबाजी म्हणाले.

त्यांनी परत वाचली. तीच ओळ होती. मी ती त्यांना आधीच दाखवली होती, पण दाखवणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आबाजींनी फोनवर विचारलं, "सायेब, आमचं रान कुठल्या गटात होतं, तेवढं सांगा." पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद झाला.

आबाजी खाटेवर बसून लहान मुलासारखे रडले. कुणाला सांगू नकोस, पोरगी काय म्हणेल, गाव हसेल, असं बायकोला विनवू लागले. मित्रांनो, मला आदल्या दिवसापेक्षाही त्या घटकेची जास्त भीती वाटली, कारण तेव्हा ते गप्प बसले असते तर खात्याचं दार उघडंच राहिलं असतं. शालनबाईंनी त्यांचं ऐकलं नाही. चोराला लाज नाही, मग आपल्याला कशाची, असं म्हणून त्यांनी तेजस्विनीला फोन लावला.

तेजस्विनीचं काम फार मजेचं आहे. कंपनीत बाहेरून माल आला की तो आधी तिच्याकडे येतो. खोक्यावर लाल चिठ्ठी बांधतात. त्या चिठ्ठीला ते 'होल्ड' म्हणतात. माल चांगला आहे की वाईट, हे अजून कुणाला माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ. तपासून होईपर्यंत तो माल पुढे सरकत नाही, मग कुणी कितीही घाई करो. ती आजोबांना एक शब्दही टोचून बोलली नाही. फोनवरच बँकेला सांगून कार्ड बंद करायला लावलं आणि १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवायला लावली. आबाजींनी सगळं खरं सांगितलं, अर्जुनरावाच्या हरकतीसकट. एक लाख नव्वद हजार वाचले. चार हजार नऊशे मात्र अजून आलेले नाहीत.

संध्याकाळी तिने खाटेखालून माझी काच शोधून काढली, पुसली, बसवली आणि दोरा घट्ट आवळला. मग पर्समधून कंपनीची एक लाल चिठ्ठी काढली आणि माझ्या डबीला बांधली. म्हणाली, "आजोबा, पैशाचा मेल आला, फोन आला, की पहिलं होल्ड. आजीला वाचायला लावायचं, मग मला विचारायचं. आम्ही चाकणला नटबोल्टसुद्धा असाच आत घेत नाही."

मित्रांनो, माझं वय झालं आहे, काचांवर ओरखडे आले आहेत. तुमच्या घरातल्या चष्म्यांची काचा पुसून काळजी घ्या, हे तर मी सांगणारच. पण त्या चष्म्यांमागच्या डोळ्यांजवळ रोज थोडा वेळ बसा, त्यांना काय आलं ते विचारा, आणि त्यांच्या हातून चूक झाली तर हसू नका. ज्याला हसं होण्याची भीती वाटते तो सांगत नाही, आणि जो सांगत नाही तो एकटाच लुटला जातो.

शालनबाईंचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. खरा परतावा अजून आलेला नाही, पिशवी खुंटीवरच आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा एक मेल आला. तोच शब्द होता. आबाजींनी मला लावलं, शब्दाखाली बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच अडलं, हे मी बघितलं. भीती गेलेली नाही, त्यांचीही आणि माझीही. मग त्यांनी मला उतरवलं, लाल चिठ्ठीच्या डबीत ठेवलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "अगं, वर ये जरा. वाचायचं हाय."

मी डबीत पडून पायऱ्या मोजत होतो. चौदाच्या चौदा शालनबाई उभ्याने चढून आल्या.